नाव एक, नौका तीन

बारशाच्या वेळी घरात केवढी चर्चा होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, की आत्याच्या आवडीचे? कधी कधी तर गंमतच होते. एक नाव थोरल्यासाठी ठरवून ठेवलेले असते, आयत्या वेळी दुसरेच ठेवले जाते, आणि ठरवलेले नाव धाकट्याच्या वाट्याला येते.

युद्धनौकांच्या घरातही असेच घडते. ब्रिटिश आरमारात ‘रिनाउन’ हे एक जुने, मानाचे नाव आहे. रिनाउन म्हणजे कीर्ती. १८८५ ते १८९५ या दहा वर्षांत हे नाव एकामागून एक अशा तीन पोलादी युद्धनौकांसाठी ठरले. पहिलीचे नाव जलावतरणापूर्वीच बदलून ‘व्हिक्टोरिया’ केले गेले. दुसरीचेही बदलले आणि ती झाली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’. रिनाउन हे नाव अखेर लाभले ते तिसरीला.

तिन्ही नौका एकाच देशाच्या आणि एकाच दशकातल्या. पण शेजारी शेजारी उभ्या केल्या असत्या, तर एकीचे रूप दुसरीशी जुळले नसते. असे का? कारण एका अवघड प्रश्नाची ही तीन वेगवेगळी उत्तरे होती. तो प्रश्न असा: तरंगणाऱ्या किल्ल्यावर किती वजन चढवायचे, आणि ते कोठे ठेवायचे?

वजनाचे अंदाजपत्रक

पोलाद पाण्यापेक्षा सुमारे पावणेआठपट जड असते. पोलादाचा खिळा बादलीत टाकला, तर तो तळाशी जातो. मग हजारो टनांची नौका तरंगते कशी? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आर्किमिडीजने ते बावीसशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. नौका पोकळ असते. ती पाण्यात शिरताना आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तेवढ्यावर थांबते. म्हणूनच युद्धनौकेचे वजन सांगताना ती किती टन पाणी बाजूला सारते, ते सांगतात. याला नौकेचे विस्थापन म्हणतात.

एकदा विस्थापन ठरले, की नौकेचा आराखडा करणाऱ्याची स्थिती ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्या माणसासारखी होते. तोफा मोठ्या हव्यात? मग चिलखत कमी करा. चिलखत जाड हवे? मग कोळसा कमी भरा. वेग हवा? मग बॉयलर आणि इंजिने यांना वजन द्या आणि ते दुसरीकडून कापा. एका खिशातून काढल्याशिवाय दुसऱ्या खिशात काही पडत नाही.

या अंदाजपत्रकात मोठी बचत झाली ती पोलादामुळे. १८६० साली ब्रिटनने ‘वॉरियर’ ही युद्धनौका पाण्यात सोडली. तिचा सांगाडा घडीव लोखंडाचा होता. अंगावर साडेचार इंच जाडीचे लोखंडी चिलखत आणि त्याच्या मागे अठरा इंचांचे सागवान होते. त्या काळी पोलाद माहीत नव्हते असे नाही. हेन्री बेसेमर याने १८५६ मध्येच पोलाद झटपट तयार करण्याची पद्धत जाहीर केली होती. पण ते पोलाद बेभरवशाचे होते. एक पत्रा उत्तम निघे, तर दुसरा हातोड्याच्या घावाने तडकत असे. पुढे सीमेन्स आणि मार्टिन यांची उघड्या भट्टीची पद्धत आली. ती सावकाश चाले, पण रस तयार होत असताना नमुना काढून तपासता येई आणि हवे तसे मऊ, चिवट पोलाद मिळे.

फ्रेंचांनी धाडस आधी केले. १८७६ मध्ये पाण्यात उतरलेल्या त्यांच्या ‘रेदुताब्ल’ या युद्धनौकेचा सांगाडा मुख्यतः पोलादाचा होता. बाहेरचे पत्रे मात्र लोखंडाचेच राहिले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने ‘आयरिस’ ही संपूर्ण पोलादी, पण छोटी आणि वेगवान नौका बांधली. पोलाद लोखंडापेक्षा मजबूत असल्यामुळे पत्रे पंधरा ते वीस टक्क्यांनी पातळ घेतले तरी चालत. सांगाड्यात वाचलेले वजन तोफा, चिलखत आणि इंजिने यांना देता येऊ लागले.

पण वाचलेला पैसा सगळेच शहाणपणाने खर्च करतात असे नाही. वजनाचेही तसेच आहे.

पहिली नौका: व्हिक्टोरिया

पहिल्या रिनाउनची बांधणी १८८५ मध्ये न्यूकॅसल येथे आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात सुरू झाली. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे होत होती. तेव्हा जलावतरणाच्या तोंडावर नौकेला राणीचे नाव देण्यात आले.

या नौकेचे विस्थापन १०,४७० टन होते. तिच्यावर सव्वासोळा इंच व्यासाच्या दोन प्रचंड तोफा होत्या. एकेका तोफेचे वजन ११० टन, आणि एकेक गोळा आठशे किलोंहून जड! या दोन्ही तोफा पुढच्या बाजूला एकाच फिरत्या बुरुजात बसवल्या होत्या. या बुरुजाला टरेट म्हणतात. टरेटमध्ये तोफेबरोबर तिच्या भोवतालचे जाडजूड चिलखतही फिरते. कमरेभोवतीच्या चिलखताची जाडी अठरा इंचांपर्यंत होती, पण ते नौकेच्या निम्म्याहून कमी लांबीलाच पुरले. अंदाजपत्रक संपले होते!

एवढे वजन पुढे आणि वर चढवल्यावर नौकेचा पुढचा डेक खाली ठेवण्यावाचून उपाय नव्हता. थोड्याशा लाटांतही तो पाण्याखाली दिसेनासा होई. मागचा भाग उंच आणि पुढचा चपटा, अशा या रूपामुळे व्हिक्टोरिया आणि तिची बहीण ‘सान्स परेल’ या दोघींना खलाशी चक्क ‘सपातांचा जोड’ म्हणत.

२२ जून १८९३ रोजी दुपारी भूमध्य समुद्रातला ब्रिटिश ताफा आजच्या लेबनॉनमधील त्रिपोली बंदराजवळ आला. नौका दोन रांगांत समांतर चालल्या होत्या. एका रांगेच्या पुढे व्हिक्टोरिया होती आणि तिच्यावर ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल ट्रायन होते. दुसऱ्या रांगेच्या पुढे ‘कॅम्परडाउन’ होती. रांगांमधले अंतर सुमारे १,११० मीटर होते. ट्रायन यांनी दोन्ही रांगांना आतल्या बाजूला, एकमेकींच्या दिशेने वळण्याचा हुकूम दिला.

आता तुम्हीच हिशेब करा. अशी नौका अर्धे वर्तुळ घेऊन उलट फिरायला सुमारे ७३० मीटर रुंदीची जागा घेते. दोन नौका समोरासमोर वळल्या, तर १,४६० मीटर हवेत. होते मात्र १,११०. हाताखालच्या अधिकाऱ्यांना शंका आली होती आणि एकाने अंतर वाढवावे असे सुचवलेही होते. पण हुकूम कायम राहिला. कॅम्परडाउनची पाण्याखालची पोलादी चोच व्हिक्टोरियाच्या पुढच्या भागात उजव्या बाजूने घुसली.

अवघ्या तेरा मिनिटांत व्हिक्टोरिया उलटून बुडाली. ३५८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्वतः ट्रायनही होते. ज्या नौकेला साम्राज्याच्या राणीचे नाव दिले होते, तिला त्या नावाने वाचवले नाही.

आरमाराचे मुख्य आराखडाकार विल्यम व्हाइट यांनी या अपघाताचा बारकाईने हिशेब मांडला. धडकेने पडलेल्या भोकातून पाणी आले, नौकेचे नाक खाली गेले. पाणी पुढच्या सखल डेकवर चढले आणि उघड्या राहिलेल्या दारांतून व टरेटच्या झरोक्यांतून आत शिरले. ती दारे आणि झरोके वेळीच बंद असते, तर नौका उलटली नसती, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००४ मध्ये पाणबुड्यांना या नौकेचे अवशेष सापडले. तिचे नाक समुद्रतळाच्या चिखलात रुतलेले आहे आणि मागचा भाग सरळ वर उभा आहे.

पाण्यावरची उंची

पाण्याच्या पृष्ठभागापासून डेकपर्यंतच्या उंचीला जहाजबांधणीत फ्रीबोर्ड म्हणतात. ही उंची एवढी महत्त्वाची का, ते घरीच पाहता येईल.

एक चौकोनी, बिनझाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. तळाशी थोडे खडे पसरून चिकटवून टाका आणि डबा घंगाळात तरंगत ठेवा. बोटाने एक बाजू हलकेच दाबून सोडा. डबा पुन्हा सरळ होईल. आता तेवढ्याच वजनाचा दगड डब्याच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर बांधा. या वेळी थोडे दाबताच डबा कलंडेल. शेवटी दगड काढून टाका आणि तळाशी इतके खडे भरा, की डब्याची कड जेमतेम बोटभर पाण्यावर राहील. जरा कलवा. कड पाण्याखाली गेली, की खेळ संपला!

काय झाले? डब्याचे वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. डबा उजवीकडे कलला, की उजवी बाजू अधिक बुडते आणि वर ढकलणारे बल उजवीकडे सरकते. तेच त्याला पुन्हा सरळ करते. पण वजन फार वर असेल, तर ते कलंडण्यालाच मदत करते. आणि डेकची कड पाण्याखाली गेली, की बुडायला आणखी बाजू उरत नाही. मग सरळ करणारा जोर कमी होऊ लागतो.

याची भयंकर किंमत व्हिक्टोरियाच्या आधी तेवीस वर्षांपूर्वी मोजली गेली होती. ‘कॅप्टन’ ही लोखंडी युद्धनौका काउपर कोल्स या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून बांधली गेली. बांधताना तिचे वजन ठरल्यापेक्षा सातशे टनांहून अधिक भरले. त्यामुळे अडीच मीटरच्या आसपास ठेवायची डेकची उंची दोनच मीटर राहिली. वर उंच डोलकाठ्या आणि शिडे होतीच. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटेपूर्वी स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ती उलटली. कोल्स यांच्यासह साडेचारशेहून अधिक माणसे गेली. वाचली फक्त अठरा. त्याच रात्री, त्याच ताफ्यात ‘मोनार्क’ नावाची नौका होती. तिचा डेक चार मीटरांहून उंच होता. ती वादळातून सुखरूप बाहेर पडली. कॅप्टनचा सरळ होण्याचा जोर सुमारे २१ अंश कलल्यावरच ओसरू लागे, तर मोनार्कचा सुमारे ४० अंशांपर्यंत वाढत राही.

दुसरी नौका: एम्प्रेस ऑफ इंडिया

१८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने आरमार वाढवण्याचा कायदा केला. त्यातून विल्यम व्हाइट यांच्या आराखड्याप्रमाणे आठ मोठ्या पोलादी युद्धनौका बांधल्या गेल्या. पहिलीचे नाव ‘रॉयल सॉव्हरिन’. दुसऱ्या एकीसाठी रिनाउन हे नाव पुन्हा ठरले आणि पुन्हा बदलले. व्हिक्टोरिया राणीने १८७७ साली ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ ही पदवी हिंदुस्थानातल्या रयतेला न विचारताच धारण केली होती. तीच पदवी आता नौकेवर आली. १८९१ च्या मे महिन्यात वेल्समधील पेम्ब्रोक गोदीत एम्प्रेस ऑफ इंडियाचे जलावतरण झाले.

या नौकांचे विस्थापन १४,१५० टन ठरवले होते. व्हाइट यांनी डेक साडेपाच मीटर उंच घेतला, म्हणजे खवळलेल्या समुद्रातही तोफा चालवता याव्यात. पण उंच डेकवर टरेटचे अवजड वजन चढवले असते, तर गुरुत्वमध्य वर गेला असता. यावर त्यांनी तोड काढली. चिलखताचे एक कडे डेकवर पक्के बसवायचे आणि तोफा त्याच्या आत फिरत्या मंचावर ठेवून कड्याच्या कडेवरून डागायच्या. याला बार्बेट म्हणतात. भोवतालचे चिलखत फिरत नसल्यामुळे वजन बरेच वाचले. साडेतेरा इंचांच्या चार तोफा उंच डेकवर बसवता आल्या.

हे खरेच आवश्यक होते का? त्याचा पुरावा याच आठ बहिणींत आहे. आरमाराचे त्या वेळचे प्रमुख अ‍ॅडमिरल हूड जुन्या टरेटचे भक्त होते. त्यांच्या आग्रहाने आठांपैकी एका नौकेवर टरेट बसवले. तिचे नावही ‘हूड’च. टरेटचे वजन पेलण्यासाठी तिचा डेक खाली आणावा लागला. बहिणींचा डेक साडेपाच मीटर उंच, तर हिचा जेमतेम ३.४ मीटर. जोराच्या समुद्रात लाटा तिच्या डेकवरून जात आणि तिला वेग कमी करावा लागे. तशी नौका पुन्हा बांधली गेली नाही.

व्हाइट यांचाही एक अंदाज मात्र चुकला. जहाजाच्या पोटाच्या वळणावर दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या बसवतात. डोलताना त्या पाण्याला अडवतात. त्यांना बिल्ज कील म्हणतात. एवढ्या मोठ्या नौकांना त्यांची गरज नाही असे व्हाइट यांना वाटले होते. १८९३ च्या डिसेंबरात ‘रेझोल्यूशन’ ही यांतलीच एक नौका वादळात भयंकर डोलली. मग सर्व बहिणींना पट्ट्या बसवल्या गेल्या आणि डोलणे पुष्कळच कमी झाले.

तिसरी नौका: रिनाउन

१८९३ मध्ये बांधायला घेतलेल्या तिसऱ्या नौकेला मात्र ठरलेले नाव मिळाले. ८ मे १८९५ रोजी पेम्ब्रोक गोदीतूनच रिनाउन पाण्यात उतरली.

या वेळी बदल झाला होता तो चिलखतात. गावचा लोहार कोयत्याला पाणी कसे देतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तापलेला कोयता पाण्यात बुडवताच धार कठीण होते. सगळाच कोयता तसा झाला, तर तो काचेसारखा तुटेल. धार कठीण आणि पाठ चिवट हवी. चिलखताचेही अगदी तसेच. पुढची बाजू गोळा फोडण्याइतकी कठीण आणि मागची तडा न जाऊ देण्याइतकी चिवट हवी. जुन्या जोडचिलखतात लोखंडाच्या पाठीवर पोलादाचा थर जोडत. मार बसला की कधी कधी दोन्ही सुटे होत.

हेवर्ड ऑगस्टस हार्वे या अमेरिकन संशोधकाने जोडकाम टाळले. त्याने अखंड पोलादी पाट घेतला, त्याच्या एका बाजूला कोळशाचा थर दिला आणि सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तापमानात तो दोन ते तीन आठवडे ठेवला. कोळशातला कार्बन हळूहळू त्या बाजूत मुरला. मग गार पाण्याचा मारा करून ती बाजू कठीण केली. एकाच पाटात दोन स्वभाव!

ढोबळ हिशेब असा: पंधरा इंच घडीव लोखंड जो मारा सोसते, तो बारा इंच जोडचिलखत सोसते आणि हार्वेचे साडेसात इंच पुरते. पुढे जर्मनीतील क्रुप कारखान्याचे चिलखत आले. त्याचे पावणेसहा इंचही पुरत.

रिनाउनवर सगळे चिलखत हार्वेचे होते. एम्प्रेस ऑफ इंडियाच्या कमरेला चौदा ते अठरा इंच, तर रिनाउनच्या कमरेला सहा ते आठ इंच. तोफाही दहा इंचांच्या, म्हणजे लहान घेतल्या होत्या. वाचलेल्या वजनातून तिला उंच डेक आणि १८ नॉटचा, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरचा वेग मिळाला.

या रिनाउनचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. नोव्हेंबर १९०५ मध्ये ब्रिटनचे युवराज, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, याच नौकेतून मुंबईला उतरले. त्यांनी त्या मुक्कामात ज्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, ते आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

पुढे तिन्ही नौका गेल्या. एम्प्रेस ऑफ इंडिया १९१३ मध्ये तोफांच्या सरावासाठी निशाण म्हणून बुडवली गेली. रिनाउन १९१४ मध्ये भंगारात निघाली. नाव मात्र राहिले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी नवी, अधिक मोठी रिनाउन पुढच्या युवराजांना घेऊन मुंबईत आली. तेव्हा मात्र शहरात हरताळ होता, आणि परदेशी कपड्यांची होळी पेटली होती.

नावे ठेवण्याची रीत प्रत्येक देशाची निराळी. अमेरिकेने आपल्या पोलादी युद्धनौकांना ‘इंडियाना’, ‘ओरेगॉन’ अशी राज्यांची नावे दिली. जपानने ‘फुजी’, ‘मिकासा’ अशी पर्वतांची नावे दिली. १९०० साली पाण्यात उतरलेली मिकासा आजही जपानमधील योकोसुका येथे पाहायला मिळते. आपल्या नौदलातही नाव वारशाने जाते. पहिली ‘विक्रांत’ १९६१ ते १९९७ या काळात सेवेत होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आलेल्या २६२ मीटर लांबीच्या विमानवाहू नौकेला तेच नाव मिळाले. तिचे पोलाद भारतातच विकसित झाले आणि भारतातच तयार झाले.

तेव्हा एखाद्या नौकेचे भारदस्त नाव वाचाल, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. तिचे विस्थापन किती, वजन कोठे ठेवले आहे आणि डेक पाण्यापासून किती उंच आहे, हेही शोधा.

जाता जाता एक गणित. एम्प्रेस ऑफ इंडियाचे विस्थापन १४,१५० ब्रिटिश टन. एक ब्रिटिश टन म्हणजे १,०१६ किलो, आणि समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो. तर ती किती घनमीटर पाणी बाजूला सारत असेल? उत्तर १४,०२६ च्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर. आता सांगा पाहू: हीच नौका समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात आली, तर तिचा डेक पाण्यापासून थोडा उंच होईल, की खाली जाईल?